करवंदाची हिरवी फांदी

माझा चेंडू करवंदाच्या जाळीत शिरला. मी वाकून त्याच्याभोवतीची वाळकी पानं उचलली, एक काटकी दूर फेकली. चेंडूवर ओणवलेली हिरवी फांदी बाजूला करू लागलो, तेवढ्यात माझी गोल्फची पिशवी वाहणारे सखारामकाका म्हणाले, "गळून पडलेलं खुशाल उचला, साहेब. झाडाला धरून आहे ते हलवायचं नाही."

"मग खेळू कसं?"

"एक फटका दंड घ्या आणि चेंडू बाहेर काढा."

फांदीवरचा हात न काढता मी तिथेच उकिडवा बसलो. घरी आई चार वर्षं अंथरुणाला खिळून आहे. रविवारी सकाळी शेजारच्या वहिनी तिच्याजवळ बसतात, तेवढाच मी या मोकळ्या हिरवळीवर येतो. बदली नाकारली, प्रवास थांबले, मित्रही हळूहळू गळाले. आई मात्र निघताना माझं बोट घट्ट धरून विचारते, "लगेच येशील ना?"

दंड नको असेल, तर फांदी आपोआप गळेपर्यंत वाट बघायची, असं मनात आलं. हे मी फांदीबद्दल म्हणत नव्हतो, हे लक्षात आलं आणि मी हात चटकन मागे घेतला.

"दंड लावा, काका," मी म्हणालो.