तीन पोस्टचा एकच रिपोर्ट

माझी पोस्टिंग तेव्हा उत्तर सीमेवरच्या एका डोंगरी ठाण्यावर होती. मी सिग्नलमन, रेडिओ सेट माझ्या ताब्यात. माझे वरिष्ठ हवालदार काशिनाथ. मी आगरदांड्याचा, ते खाडीपलीकडच्या दिघीचे कोळी. ड्युटीवर त्यांना ‘उस्ताद’ म्हणायचं. चहाला बसलो की तेच म्हणत, "आता दादा म्हन रं. मासली न्हाय तर न्हाय, गावची बोली तरी ऐकव."

पहाटेचा स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्च्यात सज्ज राहण्याची वेळ, नुकताच संपला होता. ड्रोनने टाकलेला बॉम्ब नेमका आमच्या रेशन स्टोअरवर पडला. माणूस दगावला नाही. पण ड्रोन उडवलं कुणी?

आमच्या ठाण्याच्या तीन पोस्टनी, म्हणजे पहाऱ्याच्या चौक्यांनी, सेटवरून लागोपाठ एकच जागा कळवली: नाल्यापलीकडच्या, आपल्याच हद्दीतल्या मेंढपाळांच्या झोपड्या.

"तिन्ही रिपोर्ट जुळतात," कंपनी कमांडर म्हणाले. "मोर्टार तयार करा."

फायर ऑर्डर सेटवरून मीच देणार होतो.

"साहेब, जरा थांबा. एकेकाला विचारतो," उस्ताद म्हणाले.

"लवकर."

त्यांनी हँडसेट घेतला. "पोस्ट एक, ड्रोन डोळ्यांनी दिसलं? ओव्हर."

"नाही उस्ताद. आवाज तिकडून आला. ओव्हर."

"पोस्ट दोन?"

"पोस्ट एकचं बोलणं सेटवर ऐकलं. ओव्हर."

"आणि तीन, तुमचं काय?"

"दोघंही सांगत होते, म्हणून आम्हीपण... ओव्हर."

सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर. एकाचा अंदाज तिघांची साक्ष झाला होता.

"मी बघून येतो, साहेब."

साहेबांनी मोर्टार थांबवला. त्यांचेही उपकार विसरणार नाही.

उस्ताद दोन जवान घेऊन गेले. मग सेटवर आवाज आला, "झोपड्या तपासल्या. बायका, पोरं, मेंढरं. ड्रोन नाही, हत्यार नाही. परत येतोय. ओव्हर."

परतताना नाल्यात त्यांच्यावर ड्रोनचा दुसरा बॉम्ब पडला. दोन्ही जवान जखमी झाले. आम्ही पोहोचलो तोवर उस्तादांचा प्राण गेला होता.

तो हल्ला कुणी केला, हे मला आजही माहीत नाही. पण सुट्टीवर गावी आलो की जेटीवर फेरीबोटीची वाट बघणाऱ्यांना सगळं माहीत असतं! मोबाइल माझ्या तोंडासमोर धरतात: "झोपडीवाल्यांनीच दगा दिला. सगळ्या ग्रुपवर आलंय." अरे, आलं म्हणजे झालं? बंदूक हातात असलेला माणूस थांबून विचारतो, आणि तुम्हाला फॉरवर्ड करण्याआधी विचारवत नाही? ज्यांना निर्दोष ठरवण्यासाठी तो माणूस चालत गेला, त्यांनाच त्याच्या नावाने शिव्या घालता?

चीड येते. पण चिडीपेक्षा ऋण मोठं आहे. माझ्या आवाजावर ती पोरं मेली असती. मेली नाहीत. मी स्वतःला तोंड दाखवू शकतो, ते उस्तादांमुळे.

सुट्टीत दिघीला त्यांच्या आईकडे गेलो. म्हातारीने विचारलं, "कोनी मारला माज्या पोराला?"

"ठाव न्हाय, आये."

"जवल कोन व्हतं?"

"झोपडीतली एक बाई धावत आली. त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. आम्ही आलो तरी उठली नाही."

आईने हात जोडले. मग म्हणाली, "तिला माजा निरोप धाड. काशिनाथच्या आईनं पाय धरलंत म्हनावं."