खिडकीजवळचं बाकडं

गेल्या हिवाळ्यात दोन-अडीच महिने मी रोज दुपारी एका मेलेल्या नगरपालिकेची इतिवृत्तं वाचत बसले होते. संध्याकाळी घरी गेले की आधी साबण लावून हात धुवायचे. दप्तरखान्यात धूळ होती, उंदरांच्या लेंड्या होत्या, पानापानाला चिकटलेली कसर होती. त्याचं मला काही वाटत नव्हतं. तेहतीस वर्षं शाळेत शिकवलं आहे, धुळीला मी भीत नाही. किळस यायची ती वाचलेल्या मजकुराची.

ही नगरपालिका म्हणजे आमचा भाग मुंबईत घेतला जाण्यापूर्वीची, उपनगरातली एक लहानशी. तिचं नाव सांगत नाही. त्या सभासदांची नातवंडं अजून इथेच राहतात आणि दोन-तीन गल्ल्यांना त्यांच्या आजोबांची नावं आहेत. त्या गल्ल्यांतून मी आता चालत जात नाही, लांबचा वळसा घेते.

हे वाचन माझ्यावर आलं ते खळ्यामुळे. बोरिवलीच्या पश्चिमेला खाडीकाठी आमचा कोळीवाडा आहे, आणि वाड्याच्या टोकाला मासळी सुकवायची मोकळी जागा, तिला आम्ही खळं म्हणतो. तिथे बांबूंच्या वलांड्यांवर बोंबील लटकतात आणि सारवलेल्या जमिनीवर जवळा पसरलेला असतो. पावसाळ्यात होड्या बंद असतात तेव्हा वाड्यातल्या बायकांचं घर चालतं ते या सुकटीवर. माझी आई पंच्याऐंशीची आहे. ती परकरात होती तेव्हापासून खळ्यावर जाते, आणि आजही सकाळी जाऊन, एका हाताने गुडघा धरून, दुसऱ्या हाताने जवळा परतते. तर या जागेवर उद्यान करायचं ठरलं. धावायचा ट्रॅक, बसायला बाकं आणि फोटो काढायला रंगीत हृदयाची कमान. कुणाची वहिवाट असेल तर कागद दाखवा, अशी नोटीस आली.

कागद असणार याबद्दल वाड्यात कुणालाच शंका नव्हती. कारण माझा आजा, म्हणजे आईचे वडील, त्या नगरपालिकेत सभासद होता. वाड्यातून निवडून गेलेला पहिला माणूस. खळं कायमचं कोळणींच्या नावाने करून घेण्याचा ठराव त्याने आणला, तो पास झाला, असं आम्ही जन्मापासून ऐकत आलो. आईच्या घरात टीव्हीच्या वर त्याचा फोटो आहे. नगरपालिका बंद होताना सगळ्या सभासदांचा एकत्र काढलेला. पुढच्या रांगेत खुर्च्यांवर बडी मंडळी आणि त्यांच्या शेवटी माझा आजा, कोटात, हात गुडघ्यांवर ठेवून. बाकीच्या खुर्च्या एकसारख्या वेताच्या आहेत, त्याची एकट्याची निराळी आहे, घडीची. ती खास त्याच्यासाठी आणली होती, असं आई पाहुण्यांना सांगायची.

तो ठराव शोधून काढायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी निवृत्त शिक्षिका, मला जुनं वळणदार अक्षर वाचता येतं. शिवाय मी वाड्यात राहत नाही. कांदिवलीला आमची सोसायटी आहे. तिथे सुका बोंबील भाजला तर जिन्यात लगेच दारं आपटायला लागतात, म्हणून मी भाजत नाही. खावासा वाटला की आईकडे जाते आणि तिथून निघताना साडी बदलते. हे आधीच सांगून ठेवते, पुढे लागेल.

पहिल्या वहीत मला मजाच वाटली. सगळं अगदी शिस्तीत. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले. मग विषय एक, विषय दोन. गटाराच्या झाकणावर सभासदांनी सखोल विचारविनिमय केला. मोकाट गाढवांबद्दल सखोल विचारविनिमय केला. एका सभासदाच्या दारासमोर दिव्याचा खांब असावा की त्याच्या व्याह्याच्या दारासमोर, यावर तीन सभा सखोल विचारविनिमय झाला आणि शेवटी दोघांच्याही दारांत खांब लागले. गावच्या विहिरीत मेलेलं कुत्रं सापडलं होतं, त्यावर विचारविनिमय झाला नाही. नोंद घेतली, एवढंच. दुसऱ्याच पानावर अध्यक्षांच्या मुलीच्या लग्नानिमित्त अभिनंदनाचा ठराव, एकमताने. वर्गात एखादा मुलगा असा निबंध लिहून आणायचा की वाचता वाचता माझी लाल शाई पानभर सांडायची. इथे शाई कुठे सांडणार, सगळे मरून गेलेले.

चौथ्या विषयानंतर चहा आणि कांदाभजी यायची. हे इतिवृत्तात लिहिलेलं आहे, अल्पोपाहारासाठी सभा पंधरा मिनिटे थांबली, असं. आणि भजी खाल्ली की निम्मे सभासद घरी. मग उरलेल्यांची संख्या कमी पडली म्हणून राहिलेले विषय पुढच्या सभेला. हा प्रकार मला तिसऱ्या वहीत कळला, कारण तिथे पहिल्यांदा आजाचा विषय आला. मासळी सुकविण्याची जागा कायमस्वरूपी राखून ठेवण्याबाबत. विषय क्रमांक सात. संख्येअभावी तहकूब. पुढची सभा, पुन्हा विषय क्रमांक सात, पुन्हा तहकूब. त्याच्या पुढची, तेच. मी पानं उलटत राहिले. विषय कधी आठवा असायचा, कधी सहावा, पण भज्यांच्या अलीकडे तो कधीच आला नाही. खेळ कुणाच्या लक्षात येत नसेल असं समजू नका. क्रम अध्यक्ष ठरवायचे आणि अध्यक्षांना खळ्याशेजारच्या जागेत बंगले बांधायचे होते. तेही एका विषयात आहे, विषय दोन, तत्काळ मंजूर.

मी रोज फोनवर आईला सांगायचे, अजून सापडला नाही. ती म्हणायची, हाय तो, शोध नीट.

चौथ्या वहीत मला बाकडं सापडलं. एका सभासदाने तोंडी तक्रार केली होती की सभागृहात वास येतो. कसला, ते लिहिलेलं नाही, लिहायची गरजही नव्हती. पाच मिनिटांत ठराव झाला. खाडीकाठच्या भागातील सभासदांसाठी खिडकीजवळ हवेशीर जागी स्वतंत्र बाकडे ठेवण्यात यावे. सर्वानुमते. खाडीकाठच्या भागातून आलेला सभासद एकच होता, आणि सर्वानुमते याचा अर्थ त्यानेही हात वर केला. हवेशीर हा शब्द मी तीन वेळा वाचला. वही मिटून मी बाहेर आले, व्हरांड्यात उभी राहिले आणि ओळखदेखसुद्धा नसलेल्या शिपायाला, जुन्या काळची माणसं काय हलकट होती हो, असं म्हणाले. तो म्हणाला, कोण, आणि चहा आणायला निघून गेला.

आजा त्या बाकड्यावर सहा वर्षं बसला. उपस्थितीच्या पानावर त्याची सही प्रत्येक सभेला आहे. अक्षर मोठं, ओळीबाहेर गेलेलं. भजी खाऊन तो कधीही उठून गेला नाही. संख्येअभावी सभा तहकूब झाली तेव्हा उरलेल्यांत त्याचं नाव दर वेळी आहे.

शेवटच्या वहीत शेवटची सभा. त्या दिवशी फोटोग्राफर येणार होता, म्हणून झाडून सगळे सभासद हजर. संख्या पहिल्यांदाच शेवटपर्यंत पुरी राहणार होती, कुणी घरी पळणार नव्हतं, कारण फोटो भज्यांनंतर होता. आजाचा विषय पाचवा होता. वाटलं, हा बघा, इथेच तो ठराव. बोट ठेवून वाचलं. विषय क्रमांक पाच, सूचक सभासदांनी विषय मागे घेतला. एवढंच. त्याच्या खाली विषय क्रमांक सहा. छायाचित्रासाठी पुढील रांगेत आणखी एक खुर्ची ठेवण्यात यावी.

कुणाची खुर्ची ते लिहिलेलं नव्हतं. मला ते माहीत होतं, लहानपणापासून रोज बघत होते.

त्या संध्याकाळी मी हात धुतले नाहीत. सरळ वाड्यात गेले. इतके दिवस त्या मंडळींची किळस येत होती, ती सोपी होती, कारण ते माझे कुणी नव्हते. आता ती किळस माझ्या आजाला चिकटली होती आणि मला ती कुठे ठेवावी कळेना. आई ओट्यावर बसून सोडे निवडत होती. मी सगळं सांगितलं, बाकड्याचंही, खुर्चीचंही. मनात होतं की तिने चिडावं, फोटो काढून टाकावा.

सोडे निवडता निवडताच ती सांगायला लागली की फोटोच्या दिवशी सकाळी तिनेच त्याच्या हातांना लिंबू चोळलं होतं. एकदा चोळून झाल्यावर त्याने हात हुंगले आणि पुन्हा चोळ म्हणाला. पुन्हा चोळल्यावर पुन्हा हुंगले. आज खळ्याचं काम करूनच येतो, असं सांगून गेला. आला तो जेवला नाही, आणि त्यानंतर मरेपर्यंत खळ्यावर त्याने पाय ठेवला नाही. ठराव पास झाला असं तो स्वतः कधीच म्हणाला नव्हता, हे तिला आता आठवलं. ते वाड्याने ठरवलं होतं, फोटो बघून.

"सहा वर्सां बाकड्यावर बसलेला मानूस," आई म्हणाली. "त्याला पन वाटला असंल."

मला तिचं हे बोलणं आवडलं नाही. तसं मी बोलूनही दाखवलं. खुर्चीसाठी जागा घालवली त्याने, असं म्हणाले.

सुनावणीला आम्ही अकरा जणी गेलो. कागदांची फाइल मी केली होती. तहकुबीची सगळी पानं लावली, कारण त्यातून निदान एवढं दिसत होतं की खळं तेव्हाही होतं आणि बायका तिथे मासळी सुकवत होत्या. शेवटचं पान लावू नका, असं वाड्यातल्या सगळ्यांनी सांगितलं. पण ज्यांना दोन महिने मी शिव्या घातल्या त्यांच्यासारखंच कागद दडपायला माझा हात होईना. मी तेही लावलं.

साहेबांची खोली लहान, वातानुकूलित, दारात चपलांचा ढीग. साहेब तरुण होते, आवाज गोड. त्यांनी फाइल उघडली आणि नेमकं शेवटचंच पान वाचलं. मग हसले. मॅडम, तुमच्याच माणसाने विषय मागे घेतलाय, मग आता आपणही अर्ज मागे घेऊ या, उद्यानात एका कोपऱ्यात बायकांसाठी काहीतरी बघतो, असं म्हणाले.

माझ्या डोक्यात सणक गेली. वर्गातला आवाज काढून मी म्हणाले, "मागे घेतला तो एका पुरुषाने, साहेब. सुकवत होत्या बायका. त्यांना तेव्हा कुणी विचारलं नव्हतं आणि तुम्हीही अजून विचारलेलं नाही. अर्ज मागे घेणार नाही."

साहेबांनी फाइल मिटून पेन खाली ठेवलं. मला माझंच बोलणं फार आवडलं. आईने ऐकलं का, हे बघायला मी मागे वळले.

आई माझ्या मागे नव्हती. ती खोलीच्या टोकाला उभी होती, भिंतीला टेकून, गुडघा धरून, आणि तिच्याभोवती बाकीच्या नऊ जणी. साहेबांनी एसी चालू असतानाही बायकांच्या बाजूची खिडकी उघडून ठेवली होती. तेव्हा मला आठवलं. आम्ही आत आलो तेव्हा साहेब म्हणाले होते, "मॅडम, तुम्ही बसा ना. बाकीच्यांनी जरा तिकडे खिडकीशी उभं राहा, हवा पण येईल." आणि मी बसले होते. पंच्याऐंशी वर्षांच्या आईला मागे ठेवून, मागे न बघता, परीटघडीची साडी सावरून, साहेबांच्या समोरच्या एकुलत्या एका खुर्चीत. सबंध वेळ मी तिथे बसूनच बोलत होते.

मी उठले, पण तोवर चहा आला होता. साहेबांनी पुढची तारीख दिली.

जिना उतरताना आईने माझा दंड धरला. एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत ती उतरत होती. दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबली. तिच्या हाताला जवळ्याचा वास होता आणि माझ्या बाहीला तो लागत होता. तिच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या लग्नाला जाऊन आलेल्या लेकीला तिथलं जेवण विचारावं, तसं तिने विचारलं.

"मऊ व्हती काय गं खुर्ची?"

होती, असं मी म्हणाले.