नदीतली छावणी

पूर आला, असं आमच्याकडं कुणी म्हणत नाही. नदी आली, म्हणतात. लेक माहेरी आली म्हणावं तसं. आणि नदी आली की बायकांनी खण-नारळ घेऊन तिची ओटी भरायची, ही जुनी रीत. तीन वर्षं ती फिरकली नव्हती. पात्रात वाळू, वाळूत बाभळी, आणि आम्ही बाया तिथं सरपण गोळा करायचो.

तिसऱ्या वर्षी गावच्या दूध संस्थेनं जनावरांसाठी चारा छावणी घातली, तीही पात्रातच. जागा सपाट, वाळू उकरली की जरा तरी पाणी झिरपायचं. बैठकीत एका म्हाताऱ्यानं विचारलं म्हणे, नदी आली तर काय करता? सगळे हसले. नदीला पाणी आल्यावर छावणी पाहिजेच कशाला, असं उत्तर त्याला मिळालं. मालकांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मीही हसले. बरोबरच वाटलं की मला. पाणी आलं म्हणजे दुष्काळ सरला!

आमची एकच गाय, तीही गाभण. दिवस भरत आले होते. बैल आधीच गेले होते, आता घराची सगळी आस तिच्या वेतावर होती. ती व्याली की संस्थेत पुन्हा दूध घालायचं, लेकरांच्या तोंडाला दूध लागायचं. मालक तिच्यापाशी छावणीतच राहायचे. मी दोन वेळा भाकरी घेऊन जायची, तिच्या पोटावर हात ठेवून बघायची. आतलं वासरू हाताखाली हललं की लई बरं वाटायचं.

मधेच छावणीतून एका बाईची दुभती म्हैस कुणीतरी सोडून नेली. झालं, माझ्या डोक्यात किडा शिरला. चौसाळ्याच्या बाजारातून साखळी आणि कुलूप आणवलं, गाय खुंट्याला जखडली आणि चावी माझ्या कमरेला अडकवली. मालक म्हणाले, चावी माझ्याकडं राहू दे. मी दिली नाही. पत्त्यांचा डाव रंगला की हे स्वतःचं धोतर कुठं सोडलं ते विसरतील, चावी काय सांभाळणार, असं चारचौघांत बोलले मी. जीभच तशी आहे माझी. लोक हसले.

त्या दिवशी आमच्याकडं एक थेंब नव्हता, ऊन लख्ख पडलेलं. वर डोंगरात कुठं कोसळला असेल तो असेल. दुपारी ओरडा झाला, नदी आली! अख्खं गाव नदीकडं धावलं. देव्हाऱ्यापुढचा नारळ उचलला, पेटीतला खण काढला आणि मी निघाले. वाटेनं रडू येत होतं, सुखाचं.

काठावर बायकांची ही गर्दी. लाल पाणी पलीकडच्या अंगानं काटक्या ढकलत येत होतं, छावणी अलीकडं होती. खाली माणसं दावी सोडून जनावरं वर हाकत होती. त्या धुरळ्यात मालक दिसले, गाईपाशी. त्यांनी दोन्ही हात वर करून हलवले. मला वाटलं, हरखलेत. तीन वर्षांनी नदी आली, माणूस हरखणारच. मीही हात उंच करून हलवला, हसले. मग खाली बसले, हळदीकुंकू वाहिलं, नारळ सोडला, खण सोडला. लेकराबाळांना सुखी ठेव, म्हणाले.

उठून बघते तर पाणी गाईच्या पोटाला लागलेलं. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. चावी मुठीत धरून उतारानं धावले. दोघांनी मला कमरेला धरून मागं ओढलं. तिघाचौघांनी दोर टाकून मालकांना काढलं, ते येत नव्हते. गाईनं साखळी जेवढी पुरली तेवढी मान वर धरली. मग पाणी त्याच्याही वर गेलं.

सगळ्या छावणीतलं एकच जनावर गेलं, ते आमचं. पोटात वासरू घेऊन गेलं.

आठ दिवस मालक बोलले नाहीत. मला ते सोसेना. माझं दुःख भांडणातूनच बाहेर पडतं, दुसरी वाट त्याला ठाऊक नाही. भाकरीचं ताट पुढं ठेवलं आणि तोंड सोडलं. चावी नव्हती, कबूल. पण खुंटा लाकडाचाच होता ना? कुऱ्हाड जवळ पडली होती, मग खुंटा कावून न्हाई तोडला?

त्यांनी ताटातून नजर काढली नाही. रागावलेही नाहीत.

“तोडायलाच लागलतो. दोन घाव घातलते. तेवढ्यात तू वर दिसलीस. चावी आण म्हणून हात केला, तू बी हात केलास. म्हणलं, निघाली, आता येईल. मग कुऱ्हाड खाली ठिवली.”

मी भिंतीला टेकले.

“येतच होते,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि भाकरीचा तुकडा मोडला. माझं बोलणं त्यांनी खरं मानलं होतं.