सात पोस्टकार्डं आणि दादांची गोष्ट

“आवं थांबा! टाकू नका! आवं, मी काय म्हणतीय, टाकू नकाऽऽ!”

बाजाराचा दिवस, कोरेगावची पेठ, आणि पेठेच्या मधोमध पिठाचे हात घेऊन धावत येणारी माझी बायको सुमन. मी टपालपेटीसमोर उभा होतो. हातात सात पोस्टकार्डं. ‘टाकू नका’ हे शब्द माझ्या कानापर्यंत पोचले, तिथून मेंदूकडेही निघाले असतील. पण मी दचकलो तो असा, की सातही कार्डं पेटीच्या पोटात!

“पडली?” सुमननं धापा टाकत विचारलं.

“पडली.”

“सगळी?”

“सातच्या सात.”

“वाण्याच्या दुकानात दादांचा फोन आला हुता! त्यांची गोष्ट ह्या रविवारी न्हाई, फुडच्या रविवारी छापत्यात!”

मी मटकन खाली बसलो असतो. पण बसायला जागा नव्हती. शेजारी कोथिंबिरीची पाटी होती.

सांगतो. नव्वद सालानंतरची दोन-चार वर्षं असतील. मी हायस्कुलात मराठी शिकवायचो आणि उरल्या वेळात विनोदी लेख लिहून लोकांना दुःखी करायचो. आम्हा पाच-सहा लिहिणाऱ्यांचं एक मंडळ होतं. आमच्या मुलखात ऊस सहकारी, दूध सहकारी, सूतगिरणी सहकारी. मग कौतुकच तेवढं खाजगी का ठेवायचं? म्हणून आम्ही तेही सहकारी केलं. एकाचं काही छापून आलं की कात्रण सगळ्यांकडे फिरायचं आणि प्रत्येकानं संपादकाला एक कार्ड टाकायचं: अमक्यांचं लिखाण आवडलं, यांचं आणखी छापा. संपादकाला वाटावं, या माणसामागे अख्खा सातारा-सांगली उभा आहे! (उभे असायचो आम्ही पाचजण. त्यातल्या एकाला संधिवात.)

मंडळाचे सगळ्यांत जुने सभासद म्हणजे माझे सासरे, दादा. फौजेतून हवालदार होऊन परत आलेले. इस्लामपूरजवळच्या खेड्यात थोडा ऊस, दोन म्हशी आणि गोष्टींनी भरलेली एक पत्र्याची पेटी. सहा वर्षांत त्यांची एक ओळ छापून आली नव्हती. पण माझे अकरा लेख आले आणि अकराही वेळा दादांचं कार्ड गेलं. प्रत्येक लेख दोनदा वाचून! (माझे लेख मी स्वतःही दोनदा वाचत नसे.) मंडळाला एकुलता एक नियम होता, तो त्यांनीच घातलेला: “वाचल्याबिगर लिवायचं न्हाई.”

आणि सासूबाई गेल्या त्या साली, सांगलीच्या एका दैनिकानं दादांची गोष्ट घेतली. रविवारच्या पुरवणीत छापतो म्हणाले. गोष्ट कशावर आहे, ते दादांनी पोटच्या लेकीलाही सांगितलं नव्हतं. “छापल्यावर वाच,” एवढंच. आता माझ्यावर अकरा कार्डांचं ओझं. ते एकदम उतरवावं म्हणून मी एकट्यानं सात कार्डं लिहायला बसलो, सात नावांनी, सात हस्ताक्षरांत. शुक्रवारी टाकली की सोमवारी पोचतील, गोष्टीची शाई वाळायच्या आत!

“वाचल्याबिगर?” सुमननं विचारलं होतं.

“अगं, शेतकऱ्याची गोष्ट म्हणजे बैल असणार आणि फौजीची गोष्ट म्हणजे बर्फ असणार. मी चार कार्डांत बैल घातलाय, तिनात बर्फ.”

“मी न्हाई असलं लिवणार,” ती म्हणाली आणि भाकऱ्या थापायला गेली. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

तर आता पेठेत. सुमन हलक्या आवाजात म्हणाली, “फुडचा रविवार म्हंजी आईचं वर्षश्राद्ध. सगळी भावकी यायचीय. दादा म्हणाले, बरं झालं, त्याच दिवशी येतीय. फोनवर हसत हुते वो. वर्सात पहिल्यांदा.”

हे ऐकलं आणि मी बाही सारून हात पेटीत घातला. कोपरापर्यंत गेला. बोटांना एका कार्डाचा कोपरा लागला, लागून निसटला. आणखी रेटला. आता मनगटावरचं घड्याळ आतल्या पत्र्यात अडकलं. लग्नात दादांनीच दिलेलं, फौजी, अवजड घड्याळ! हात आत जाईना, बाहेर येईना. पाच मिनिटांत बाजार भाजी सोडून माझ्याभोवती. “गुर्जी, काय पडलं आत?” “पगार पडला आसंल.” “न्हाई रं गड्या, प्रेमपत्र आसंल, बघ की बायकू उभी हाय!” माझ्याच वर्गातला एक विद्यार्थी गोड्या तेलाचा डबा घेऊन आला. (त्या वर्षी मी त्याला मराठीत पास केलं.)

दुपारी पोस्टमन आला. त्यानं खालचं दार उघडलं, तर पत्रांच्या ढिगावर माझा पंजा लोंबकळतोय! बिचाऱ्यानं आधी हात जोडले आणि मग किंचाळला. हात सुटला, पण कार्डं त्यानं दिली नाहीत. “पेटीत पडलं की सरकारचं. पोस्टमास्तरास्नी भेटा.”

पोस्टमास्तर भला माणूस. फार भला. “परत मिळतील की, गुरुजी. अर्ज करा, आणि पत्त्यावरचं अक्षर इथं माझ्यापुढं काढून दाखवा. जुळलं की घ्या.”

एक कार्ड असतं तर प्रश्न नव्हता. इथं सात अक्षरं होती! एक डाव्या हातानं लिहिलेलं, एक गोल बायकी, एक थरथरत्या म्हाताऱ्याचं. त्यात पोस्टकार्डाला पाकीट नसतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजलो. मास्तर एकेक कार्ड मोठ्यानं वाचू लागले आणि रांगेत माझ्या मागे आमचे मुख्याध्यापक उभे.

“‘कथेतला बैल गेला आणि आमच्या घरात चूल पेटली नाही. सौ. प्रमिला, गृहिणी.’ गुरुजी, सौ. प्रमिला तुमीच काय?”

रांग हसली. मुख्याध्यापक हसले नाहीत.

“‘बर्फाचे वर्णन वाचून ऐन उन्हात घोंगडी घेतली. एक निवृत्त तलाठी.’ हे पण तुमीच?”

आता इथं मी खरं बोलायला हवं होतं. फार तर शाळेत महिनाभर मला ‘प्रमिला’ म्हणाले असते. फार तर वर्षभर. पण मी छाती काढून म्हणालो, “छे छे! माझी फक्त दोन. बाकीच्या पत्रांशी माझा काय संबंध?”

दोन कार्डं मला मिळाली. पाच पोत्यात पडली. मी स्वतः बघितली पडताना.

बाहेर सुमन उभी होती. “मिळाली?”

“मिळाली,” मी म्हणालो. आकडा सांगितला नाही.

आता भिस्त टपालखात्याच्या आळसावर. माझ्या लग्नाची पत्रिका ज्या खात्यानं आटपाडीला बारशाच्या दिवशी पोचवली, ते खातं पाच कार्डांना महिना तरी लावणारच! तरी जोखीम नको म्हणून मी संध्याकाळी एस. टी. स्टँड गाठला. मंडळाचे कवी कांबळे आटपाडीच्या गाडीवर कंडक्टर होते. फार सरळ माणूस. त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांना सुट्टी होती. ती मोडून ते माझ्यासाठी सांगलीला, दैनिकाच्या संपादकाकडे गेले. रविवारी त्यांची गाडी कोरेगावात आली तेव्हा मी फाटकातच उभा.

“पत्रं पोचली हुती,” कांबळे म्हणाले.

“एका दिवसात?”

“व्हय. टोपलीत पडली हुती, न वाचता. मी नमस्कार केला, म्हटलं, सायेब, कोरेगावहून पाच कार्डं आल्यात, तेवढी वाचू नका.”

“मग?”

“तवा त्यांनी चष्मा लावला.”

“आणि?”

“वाचली. पाचीच्या पाची.”

“काय म्हणाले?”

“काय न्हाई. मला च्या पाजला.”

मी त्या चहावर आठवडा काढला. रागावलेला माणूस चहा कशाला पाजेल? असं मी सुमनला नाही, स्वतःलाच रोज सांगत होतो.

पुढच्या रविवारी आम्ही गावी गेलो. दादांनी परीटघडीचं धोतर नेसलं होतं. सासूबाईंच्या फोटोला हार, सोप्यात भावकी, चुलीवर खिरीचं पातेलं. इस्लामपूरहून आलेल्या गाडीतून धाकटा मेहुणा चार अंक घेऊन उतरला आणि अंगणातनंच ओरडला, “आली रं, दादांची गोष्ट आली!” सगळे पुरवणीवर तुटून पडले. पान उलटलं, पुन्हा उलटलं. गोष्टीच्या जागी कैरीच्या लोणच्याची कृती होती. चौथ्या अंकातही तेच लोणचं. (आम्ही तो अंकही उघडून बघितला. माणूस आशा सोडत नाही.)

फक्त दादा उठले नाहीत. त्यांनी पुरवणीकडे मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. ते पत्रावळी मोजत होते.

“न्हाई आली,” ते म्हणाले. “चला, पानं घ्या.”

सुमनच्या आत्यानं विचारलं, “काय लिवलं हुतं रं त्यात?”

“काय नव्हतं गं. मी बार्डरवरनं पत्र धाडायचो. तिला वाचाय येत न्हवतं. पोस्टमन म्हणायचा, वैनी, वाचून दावतो. तर न्हाई म्हणायची. ठेवून द्यायची. मी सुट्टीवर आलो की फुड्यात टाकायची, आन म्हणायची, आता तुमी वाचा. वर्साची पत्रं मी एका बैठकीत वाचायचो. माझीच. तेवढंच लिवलं हुतं.”

सुमन खिरीचं भांडं घेऊन दारात उभी होती, ती तशीच मागे फिरली.

बैल नव्हता. बर्फही नव्हता.

जेवणं झाल्यावर मी दादांना गोठ्याकडे गाठलं. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदाच विनोद न करता सलग चार वाक्यं बोललो. “दादा, संपादकाला तुमच्या गोष्टीवर पत्रं मी लिहिली होती. गोष्ट न वाचता. पोस्टात परत मिळत होती, पण चारचौघांत लाजलो. माझ्यामुळं गेली तुमची गोष्ट.”

दादांनी म्हशीपुढं वैरण सारली, हात झटकले आणि कोपरीच्या खिशातून एक लांब पाकीट काढलं. गुरुवारीच आलेलं. म्हणजे तीन दिवस त्यांना माहीत होतं! आत त्यांच्या गोष्टीचं हस्तलिखित, त्याला टाचणीनं लावलेली माझी पाच कार्डं, आणि संपादकाच्या दोन ओळी: ‘आपल्या वाचकांनी कथा आधीच वाचलेली दिसते. सबब छापण्याची गरज उरली नाही.’

मी खाली मान घालून उभा राहिलो. वाटलं, आता फौजी शिवी ऐकावी लागणार. ऐकली असती तर बरं वाटलं असतं.

दादांनी टाचणी काढली. कार्डं खिशात ठेवली, गोष्ट माझ्या हातात दिली.

“पत्रं बरी हायत, पाव्हणं,” ते म्हणाले. “आता गोष्ट वाचा.”