निकाल उद्या वाचायचा

भारतदादाचा फोन आला तेव्हा मी विष्णुपुरीला एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये माईक धरून उभा होतो. एसटीच्या कंडक्टरचा आवाज काढून पोरांना हसवून राहिलो होतो. भारतदादा म्हणजे माझ्या शकूआत्याचा मुलगा, राहतो लातूरला. तो कधी फोन करत न्हाई. मिस कॉल देतो आणि आपण करायची वाट बघतो. त्या दिवशी पूर्ण रिंग वाजली, थांबली, परत वाजली. स्टेजच्या मागं जाऊन उचलला. "आई गेली," दादा म्हणाला. मी विचारलं, "कुठं?" ...आता या प्रश्नाला काय अर्थ हाय? पण तोंडातून तोच निघाला. "गेली रे सिद्ध्या. चहा ठेवला आणि बसल्या जागी गेली." पडद्याच्या पलीकडं पोरं अजून शिट्ट्या मारून राहिली होती.

आत्याच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे आमच्यातल्या शोकसभेला, लई लोक आले. बोलणारे सगळे म्हणाले, शकूताई कष्टाळू होत्या, मायाळू होत्या, खानावळीवर संसार उभा केला. सगळं खरं. पण एकानं पण 'दमसास'चं नाव काढलं न्हाई. मला बोलायला लावलं तर मी माईक पुढच्याच्या हातात दिला. आख्ख्या जिल्ह्याचे आवाज काढणारा मी, त्या दिवशी स्वतःचा एक निघाला न्हाई. म्हणून आता काही आठवड्यांनी लिहून राहिलोय.

'दमसास' हे खेळांचं मासिक. पातळसं, कागद साधा, पोस्टानं येतं. आत्या त्याला 'पुस्तक' म्हणायची. त्यात कबड्डी, खो-खो, कुस्ती असली गावाकडची मैदानं पानं भरून असतात आणि क्रिकेट शेवटी, जागा उरली तर. आत्या लहानपणी नायगावात शाळेच्या संघातून खो-खो खेळायची. माझे पप्पा तिचे धाकटे भाऊ. ते म्हणतात, शकू पळायला लागली की तिला पकडणारी पोरगी रडकुंडीला यायची. पुढं लग्न होऊन लातूरला गेली आणि क्लासच्या पोरांसाठी मेस काढली. खाली जेवायची खोली, वर मुलींच्या चार खोल्या.

लातूर ज्यांनी बघितलं न्हाई त्यांना सांगतो. तिथं डाळ मिलच्या वासात पाठीवर दप्तर घेतलेली हजारो पोरं फिरत असतात. सगळ्यांना डॉक्टर व्हायचंय. चौकाचौकात निकालाचे बोर्ड, त्यावर पहिल्या आलेल्यांचे फोटो. आत्या रिक्षातून जाताना ते बोर्ड बघायची आणि म्हणायची, "सगळे पास झालेलेच दात काढून उभे! नापास पोरं काय या गावात राहतच न्हाईत?"

मी पण त्याच दप्तरवाल्यांतला. बारावीनंतर पप्पांनी मला आत्याकडं टाकला. पहिल्याच दिवशी कळलं की इथं जेवायचा एक नियम हाय. रात्रीच्या पंगतीला एकानं पुस्तकातली एक मॅच मोठ्यानं वाचायची, बाकीच्यांनी जेवता जेवता ऐकायची. आता लातूरची पोरं म्हणजे कशी, समोर छापील कागद आला की त्यांना परीक्षाच दिसते. आमच्यात देगलूरचा ओंकार होता, लई हुशार. त्याला वाटलं आत्या यावर प्रश्न विचारणार. पठ्ठ्यानं आख्खा अंक पिवळ्या पेनानं रंगवला, पंचांच्या नावासकट पाठ केला, आणि पंगतीत बसून पोपटासारखा सांगायला लागला. आत्यानं ते पुस्तक हातात घेतलं, पानं उलटून बघितली. "हे काय रे ओंकार? हळद लावलीस का याला? लगीन हाय का पुस्तकाचं?" आम्ही ठसका लागेपर्यंत हसलो. ओंकार बिचारा म्हणाला, "आत्या, मग यातलं इम्पॉर्टंट काय हाय ते तरी सांगा." "काहीच न्हाई," आत्या म्हणाली, "ऐक नुसतं."

पण तिला ते लागलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं नवीन पद्धत काढली. मॅचच्या शेवटच्या पानाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावायचा. वाचणाऱ्यानं चिमट्यापर्यंत यायचं आणि थांबायचं. निकाल उद्या. पोरं वेडी झाली हो! आमचं सगळं आयुष्य निकालावर चाललेलं, आणि ही बाई घास तोंडाशी आणून ताट उचलते. फोनवर शोधावं तर कुठल्या तरी तालुक्यातली खो-खोची मॅच फोनवर कशी सापडणार? ती फक्त 'दमसास'मध्येच. मग रात्रभर आमच्यात भांडणं. ती सूर मारेल, न्हाई मारणार, खांबापाशी चुकली ती, अरे दमलेली हाय रे ती... आम्ही हात धुताना भांडायचो, क्लासला जाताना भांडायचो. आत्याला लाडीगोडी लावली तर म्हणायची, "एक रात्र निकालाशिवाय काढून बघा. काही होत न्हाई माणसाला."

माझा निकाल आला तो दिवस सांगतो. डॉक्टरकी माझ्यापासून इतकी लांब गेली होती की दुर्बिणीतून पण दिसली नसती. मी मागच्या शिडीनं गच्चीत चढलो आणि टाकीच्या मागं जाऊन बसलो. आत्या वर आली न्हाई, समजूत काढली न्हाई. जेवायच्या वेळेला खालून नुसती हाक, "सिद्ध्या, आज वाचायची पाळी तुझी." पुस्तकात दर महिन्याला एक सदर असतं, 'हरल्यानंतर'. मोठ्या मॅचमध्ये हरलेल्या एखाद्या खेळाडूला गाठून विचारतात, दुसऱ्या दिवशी काय केलंस? त्या दिवशी खो-खोची एक मुलगी होती. फायनलला पहिल्या मिनिटातच बाद झाली, संघ हरला. दुसऱ्या दिवशी मैदानावर पाणी मारायची पाळी तिची होती. ती गेली आणि पाणी मारलं. विचारणाऱ्यानं विचारलं, पाणी मारताना मनात काय होतं? तिनं सांगितलं, "पाइप जड होता." मी सुरुवातीला तिचा आवाज काढून वाचायला गेलो, नाकात, किनऱ्या आवाजात. आत्या म्हणाली, "सोंग नको. सरळ वाच." सरळ वाचलं तर "पाइप जड होता"ला माझाच आवाज फुटला. पंगतीत कुणी वर बघितलं न्हाई. सगळे भाताकडं बघत बसले.

मी नायगावला परत आलो, बीए केलं, मिमिक्रीचे कार्यक्रम करायला लागलो. आत्या महिन्याला एकदा फोन करायची, नवा अंक आला की. जयभीम झालं, जेवलास का झालं, की थेट मॅच सुरू. "...आणि मग तिनं उडी घेतली, सिद्ध्या, पण समोरची पण काही कमी न्हाई... बरं ठेवते, कुकर लागलाय." कट्! दुसऱ्या दिवशी मीच लावायचो. लोक म्हणतात, आता फोनवर सगळं येतं, मासिकं कोण वाचतं? येतं ना. स्कोअर येतो. पण हरलेली पोरगी दुसऱ्या दिवशी पाणी मारायला गेली, हे कोण सांगतं?

तर पुण्यानुमोदनानंतर मी लातूरलाच राहिलो, दादाच्या मदतीला. एका सकाळी दादा म्हणाला, "ते पुस्तक आता बंद करून टाकतो." मी म्हणालो, "का?" तर म्हणे पालक बोलून राहिलेत. शेजारच्या मेसमध्ये जेवताना टीव्हीवर फिजिक्सचे व्हिडिओ लावतात, आणि तुमच्याकडं खेळाच्या गोष्टी! "पोरं तिकडं गेली तर मेस बंद पडंल सिद्ध्या. आईचं आईबरोबर गेलं." सीमावहिनी पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं.

दादा खोटं बोलत नव्हता. पण मला पण तेव्हा हट्ट चढला. म्हणालो, "हा महिना मी वाचतो. मग ठरव." दादा म्हणाला, "जोकरगिरी करायची न्हाई." "न्हाई करत."

पहिल्या दिवशी माझा पार भुगा झाला. नवी पोरं, माना फोनमध्ये. मी वाचत चिमट्यापर्यंत आलो, थांबलो, म्हणालो, "निकाल उद्या." एक जण हात धुता धुता म्हणाला, "भैय्या, डायरेक्ट निकालच सांगत जा ना, टाइम वाचंल." दादानं माझ्याकडं असं बघितलं की बघ, म्हणलं होतं ना. मी दुसऱ्या दिवशी वाचलं. तिसऱ्या दिवशी वाचलं. भिंतीला वाचून दाखवल्यासारखं, पण वाचलं.

मग एके दिवशी क्लासच्या चाचणीचे मार्क लागले. वरच्या खोलीतली मुखेडची रेणुका जेवायला खाली आली न्हाई. वहिनी ताट घेऊन वर गेली, तसंच परत आणलं. "दार उघडलंय, पण भिंतीकडं तोंड करून बसली हाय. बोलतच न्हाई." मुलींच्या खोल्या, मला वर जाता येत न्हाई. मी पुस्तक घेतलं आणि जिन्याच्या खाली उभा राहिलो. भंगारवाला ओरडतो तसा मोठ्यानं वाचायला लागलो. मुलींची कबड्डी, दोन गावांची. शेवटची चढाई. एकटी पोरगी उरलेली, समोर आख्खी साखळी. पंगतीतली पोरं घास हातात धरून वळून बघायला लागली. शेजारची बाई गॅलरीत आली. दादा बाहेर आला, "अरे गल्ली गोळा करून राहिला की तू! बस्स कर!" मी थांबलो न्हाई. तिनं दम धरला, कोपऱ्यातलीला शिवली, वळली, तेवढ्यात मागून कुणीतरी घोटा पकडला, ती पडली, हात मधल्या रेषेकडं लांब केला... आणि चिमटा आला. मी पुस्तक मिटलं.

मला वाटलं संपलं, गेलं पुस्तक.

वरून आवाज आला. "मग?"

मी काही बोलायच्या आत वहिनी बोलली, "मग काय? निकाल उद्या. आईंचा नियम हाय. खाली ये, वरण गार होऊन राहिलंय." पायऱ्यांवर पावलं वाजली. रेणुका डोळे पुसत आली, ताटावर बसली आणि शेजारच्या पोरीला म्हणाली, "हात पोचला असंल तिचा." समोरचा पोरगा म्हणाला, "घोटा धरल्यावर कसा पोचंल?" आणि पंगतीत जी भांडणं लागली...

आत्याची एक सवय तिच्या मेसमध्ये जेवलेल्या सगळ्यांना ठाऊक हाय. निकाल ती स्वतः वाचायची, सकाळी पोह्याच्या वेळेला, आणि हरलेल्या संघाची नावं आधी वाचायची. सगळी. राखीव पोरींसकट.

त्या सकाळी मी उठून खाली आलो तर पुस्तक जागेवर नव्हतं. दादा जेवायच्या खोलीत उभा होता, चिमटा शर्टाच्या खिशाला लावलेला, पुस्तक डोळ्यांच्या लई जवळ धरलेलं. पोरं पोह्याच्या ताटल्या घेऊन उभी. दादानं घसा साफ केला आणि अडखळत नावं वाचायला लागला. तिचं नाव पहिलं आलं, त्या चढाई करणाऱ्या पोरीचं. मग तिच्या संघातल्या सगळ्यांचं. मग राखीव. जिंकलेल्यांपर्यंत यायला त्याला वेळ लागला, पण कुणी घाई केली न्हाई.

रेणुका म्हणाली, "म्हणजे न्हाई पोचला हात." पोह्याची ताटली खाली ठेवून म्हणाली, "मग ती आता काय करून राहिली असंल, दादा?"

दादानं पान उलटलं, मागं बघितलं, पुढं बघितलं. मग पुस्तक मिटून म्हणाला, "यात न्हाई दिलेलं. पुढल्या अंकात येईल. आला की वाचू."