खाकी कागदातली पलटण

ये, जरा जवळ सरक, आणि आधी बोलणी खा. गेल्या खेपेला आलीस, माझ्या पुस्तकांच्या कपाटासमोर उभी राहिलीस, मोबाइलवर चार फोटो काढलेस, "आत्याआजी, काय सुंदर कलेक्शन आहे गं" म्हणालीस, आणि एकाही पुस्तकाला बोट न लावता चहा पिऊन न्यू टाउनला परत गेलीस. अगं, कपाट काय नुसतं बघायचं असतं? मला ही रीत चांगली ठाऊक आहे. हे कपाट ज्यांचं, त्यांचीही हीच रीत होती.

आम्ही त्यांना सेनापती म्हणायचो. आधी पाठीमागेच. पण त्यांना ते कळलं तेव्हा रागवायचं सोडून त्यांनी छाती फुगवली, मग आम्हीही तोंडावर म्हणायला लागलो. इथेच बालीगंजात, शेजारच्या इमारतीत तळमजल्यावर ते आणि त्यांच्या पत्नी सुमनताई राहायचे. सेनापती सरकारी कोठारात गणवेशांची बटणं तपासायचे. बटण ओढून बघायचं, हातात नाही आलं तर पास. त्यांचा आणि युद्धाचा प्रत्यक्ष संबंध एवढाच. बंदूक त्यांनी पाहिली असेल तर बँकेच्या दारातल्या दरवानाच्या खांद्यावर.

पण घरात त्यांची पलटण होती. युद्धांवरची दोनशे बारा पुस्तकं, बहुतेक इंग्रजी, कॉलेज स्ट्रीटवरच्या जुन्या पुस्तकांच्या गाळ्यांतून शनिवारी शनिवारी उचलून आणलेली. नवं पुस्तक आलं की सेनापती त्याला खाकी कागदाचं कव्हर घालायचे आणि पाठीवर पांढऱ्या शाईने नंबर टाकायचे. त्याला ते "गणवेश चढवणं" म्हणत. गणवेश चढला की पुस्तक भिंतीतल्या काचेच्या कपाटात उभं राहायचं ते कायमचं. आत नेपोलियन आहे की पानिपत, बाहेरून काही कळायचं नाही. कळायचं ते सेनापतींना, आणि तेही नंबरावरून.

रविवारी सकाळी निरीक्षण असायचं. पाहुण्यांनी आधी हात धुवायचे. पुस्तकाला हात लावायची परवानगी कुणालाच नव्हती, मग हात कशाला धुवायचे, असं आमच्या ह्यांनी एकदा विचारलं. सेनापती म्हणाले, "शिस्त, वसंतराव. शिस्तीला कारण लागत नाही." मग कपाटापासून दोन हात अंतरावर रांगेत उभं राहायचं, आणि सेनापती वेताच्या छडीने एकेका नंबराकडे बोट दाखवल्यासारखं करत लढाया सांगायचे. तासाभराने बाहेरच्या खोलीत चहा. कपाटाच्या खोलीत चहाची बशीसुद्धा जायची नाही.

सुमनताईंना शुक्रवारी काचा पुसायची मुभा होती, किल्लीही त्यांच्याकडे असायची. पण पुस्तक जागचं हलवायचं नाही, हा हुकूम. त्यांच्या स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरण्या ठेवायला जागा नव्हती, त्या पलंगाखाली होत्या. एकदा त्या मला म्हणाल्या, "माझ्या बरण्या दरवर्षी उघडतात तरी. ह्यांच्या एकदा बंद झाल्या की संपलं."

आता माझा गुन्हा ऐक. मी मराठी सातवी शिकलेली. लग्न होऊन इथे आले, हे बँकेत गेले की दिवस सरता सरायचा नाही. डिक्शनरी घेऊन इंग्रजी शिकत होते, पण वाचायला काय, तर किराण्याच्या पुडीचे कागद. सेनापतींकडे एक पुस्तक मागितलं. ते हसले, म्हणाले, "वहिनी, ही काय पाककृतीची पुस्तकं आहेत?" मला लागलं ते. त्याहून जास्त सुमनताईंना लागलं. पुढच्या शुक्रवारी त्यांनी पदराखालून एक खाकी पुस्तक माझ्या घरी आणलं. त्याच्या जागी त्यांनी जुनी पंचांगं एकत्र बांधली, तसाच खाकी कागद घातला, तोच नंबर घातला, आणि उभी केली. परत ठेवताना पकडले जाऊ म्हणून पुस्तक माझ्याच ट्रंकेत राहिलं. दोन वर्षांत अशी अकरा पुस्तकं माझ्या ट्रंकेत आली आणि पलटणीत अकरा तोतये उभे राहिले. दर रविवारी सेनापती छडी रोखून पंचांगांवर व्याख्यान द्यायचे, आणि सुमनताई आत पोहे परतताना तोंडात पदर कोंबायच्या.

एकाहत्तर साल उजाडलं. सीमेपलीकडून जीव मुठीत घेऊन आलेल्या माणसांनी सियालदहचा फलाट भरून गेला होता. आम्ही बायका खिचडीची पातेली घेऊन जायचो. सेनापती एक दिवस बरोबर आले, पाच मिनिटं सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाले, "मूळ प्रश्न रसदीचा आहे." सुमनताईंनी त्यांच्या हातात खिचडीची बादली दिली. म्हणाल्या, "ही रसद. त्या टोकापर्यंत वाढत जा." बाटाचे बूट घातलेले आमचे सेनापती घामाघूम होऊन वाढत गेले, हे मी पाहिलंय. त्याबद्दल ते पुढे कधी बोलले नाहीत.

डिसेंबरात लढाई सुरू झाली आणि सेनापतींना दिवस पुरेना. रात्री उजेड बाहेर दिसू नये म्हणून खिडक्यांच्या काचांना लावायला सगळ्यांनी काळा कागद आणला, त्यांनी खाकी. रविवारी गर्दी व्हायला लागली. त्यातच दासबाबू आले. समोरच्या गल्लीतले वकील, त्यांच्याही घरी युद्धाची पुस्तकं, आणि दोघांचं एकमेकांवाचून पान हलायचं नाही आणि एकमेकांशी पटायचंही नाही. वाद निघाला ब्रह्मदेशातल्या जुन्या मोहिमेवर. एक नदी फौजेने कशी ओलांडली? सेनापती वर्षानुवर्षं सांगत आलेले, की पूल बांधून. दासबाबू म्हणाले, तराफ्यांवरून. सेनापतींची छडी उठली. "त्रेचाळीस नंबर. त्यात सगळं आहे." दासबाबूंनी शांतपणे बंगालीत सांगितलं, "तोबे देखान." मग दाखवाच.

 त्रेचाळीस नंबर माझ्या ट्रंकेत होता. जाडजूड पुस्तक, पावसाळ्याआधी आणलेलं, सहा महिने पुरवून पुरवून संपवलेलं. सुमनताई दारात येऊन उभ्या राहिल्या. बारा-पंधरा माणसं, आणि सेनापतींनी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत कपाट उघडलं.

त्रेचाळीस नंबर ओढला तशी माती पडली. भिंतीतून पावसाळ्यात वाळवी आली होती. हातात आलं ते अर्धं खाल्लेलं पंचांग, एकादशीचं पान तेवढं शाबूत. त्यांनी बेचाळीस ओढलं. पाठ हातात आली, आतलं पुस्तक नव्हतंच. चव्वेचाळीसचं तेच. मग ते एकामागून एक ओढत सुटले, आणि सगळी पलटण खाकी कपडे घालून उभी होती, आत कुणी नव्हतं. कुणी हसलं नाही. हसायचं ठरवून आलेले दासबाबूही नाही.

सुमनताई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी माझं नाव कधीच घेतलं नसतं. गप्प राहिले असते तर सगळा दोष वाळवीवर गेला असता, आणि पुस्तकं माझी झाली असती. पण त्या माणसाचे रिकामे हात मला बघवेनात. मी घरी गेले, अकराच्या अकरा पुस्तकं लुगड्यात बांधून आणली आणि टेबलावर ठेवली. त्रेचाळीसवर हळदीचा डाग होता. कुणी विचारायच्या आत मी पान उघडलं, कारण ते मला पाठ होतं. पूल नव्हता. रिकामी पिंपं बांधून केलेले तराफे, आणि त्यावर उभी खेचरं.

"बौदी, आपण वाचलंत हे?" मला वहिनी म्हणत दासबाबूंनी हिंदीत विचारलं. सेनापतींनी छडी कोपऱ्यात ठेवली आणि आत गेले. आमचे हे वाटभर म्हणाले, "आता ते जन्मात आपल्याशी बोलणार नाहीत."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून परस्पर ते आमच्या दारात उभे. मी माफीची वाक्यं जुळवायला लागले. ते उंबऱ्याशी चपला काढत म्हणाले, "वहिनी, त्या खेचरांचं पुढे काय झालं?"

तेव्हा मला कळलं, की कव्हर घालण्यापूर्वी वेष्टणावरच्या चार ओळींपलीकडे ते कधी गेलेच नव्हते. मी सांगितलं, सगळी पार झाली, एक सोडून. ते उतरायला तयार होईना, शेवटी त्याच तराफ्यावरून अलीकडे परत आलं. सेनापती हसले. शिस्त नसलेलं हसू मी त्यांचं पहिल्यांदाच बघितलं. पुढची चार वर्षं दर रविवारी मी मोडक्या इंग्रजीत वाचायची, अडले की मराठीत सांगायची, आणि ते बशीतून चहा पीत ऐकायचे. निरीक्षण बंद झालं. लोक म्हणायचे, सेनापती खचले. खचले कसले, अडाण्यासारखे प्रश्न विचारायला शिकले होते.

निवृत्त होऊन नाशिकला निघाले तेव्हा त्यांनी हमालाकडून एक लहान कपाट माझ्याकडे पाठवलं. आत दहा पुस्तकं, सगळ्यांचे खाकी गणवेश उतरवलेले. अकरावं हातात घेऊन स्वतः आले. "त्रेचाळीस नंबर उसना नेऊ का? परत पाठवीन." ज्याने कुणाला पुस्तकाला बोट लावू दिलं नाही, तो स्वतःचंच पुस्तक माझ्याकडे उसनं मागत होता. मी म्हटलं, "हात धुऊन वाचा." ते म्हणाले, "हो, वहिनी."

नाशिकहून पोस्टकार्डं यायची. हे पान झालं, ते पान झालं, अमुक शब्दाचा अर्थ कळवा. मग कार्डं थांबली. वर्षाने सुमनताईंनी पुस्तक पोस्टाने पाठवलं. हळदीचा डाग होताच, आणि शेवटून चाळीसेक पानं आधी खूण घातलेली होती. पंचांगाचं तेच एकादशीचं पान.

ती चाळीस पानं मी पूर्वी वाचलेली आहेत, पण खुणेपासून पुढे मला पुन्हा ऐकायची आहेत, आणि माझे डोळे आता साथ देत नाहीत. तर या रविवारी ये. बस घे, टॅक्सी घे, पण ये. हात धुवायची गरज नाही. चहा कपाटाच्या खोलीतच पिऊ.