बाबांना बूट घालणारी

अमेरिकेत, ॲन आर्बर शहरातल्या हॉस्पिटलच्या आयसीयूत बाबांकडे रोज सकाळी एक अमेरिकन फिजिओथेरपिस्ट यायची. तिचं नाव मी कधी विचारलंच नाही. व्हेंटिलेटरची नळी तोंडात असलेल्या बाबांशी ती पलंगाजवळ उकिडवी बसून बोलायची.

तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आज यांना बसवू या. बूट कुठे आहेत यांचे?"

मी भडकलो. "अशा माणसाला बसवता? झोपू द्या ना!"

ती शांतच होती. "पूर्वी आम्हीही झोपूच द्यायचो. पेशंट वाचायचे, पण घरी चालत जाता यायचं नाही. नव्या संशोधनानं आमची ही सवय मोडली."

ॲडमिट करताना मिळालेली बाबांच्या कपड्यांची पिशवी आईनं गाडीच्या डिकीत ठेवली होती. ती उघडायचा तिला धीर होत नव्हता. मी बूट काढून आणले. त्या बाईनं गुडघे टेकून ते बाबांच्या पायांत चढवले, नाड्या बांधल्या आणि त्यांना धरून पलंगाच्या काठावर बसवलं. बाबा घामाघूम झाले, पण दोन मिनिटं बसले.

बाबांना परत आडवं करून ती बुटाची नाडी सोडू लागली. आईला घरात उंबऱ्याच्या आत कुणाची चप्पल खपत नाही. पण पलंगापाशी पुढे होऊन तिनंच त्या बाईचा हात धरला. "राहू देत पायातच."

मी इंग्रजीत सांगायच्या आधीच त्या बाईनं सोडलेली नाडी पुन्हा बांधली.